एका स्कॉटिश घराण्याची कुलकथा

आपल्या पूर्वजांविषयी ज्याला कुतूहल नाही, असा मनुष्य विरळाच. परंतु घराण्याची वंशावळ लिहावयास बसणाऱ्याच्या मनात बहुधा एक सुप्त अपेक्षा असते. शोधाच्या शेवटी एखादा शूर सेनानी, एखादा विद्वान, निदान एखादा दानशूर गृहस्थ तरी हाती लागावा, असे त्याला वाटत असते. त्याऐवजी लोकांनी ज्याचे तोंड पाहण्याचे टाळले असा पुरुष सापडला, तर काय करावे? त्याचे नाव गाळावे, की लिहावे? स्कॉटलंडमधील मरे घराण्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

वंशशोधाचा पहिला नियम असा, की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. म्हणजे अलीकडच्या पिढीपासून आरंभ करून एकेक पायरी मागे सरकावे. स्कॉटलंडमध्ये या कामी बरीच अनुकूलता आहे. जन्म, विवाह व मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंदणी तेथे १८५५ साली सुरू झाली. त्यापूर्वीच्या काळासाठी चर्चच्या नोंदवह्या आहेत व त्यांतील सर्वांत जुनी १५५३ सालची आहे. शिवाय या नोंदींत विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव पुष्कळदा दिलेले असते. त्यामुळे आजोळचा धागा पकडून मागे जाणे तेथे तितकेसे कठीण पडत नाही.

नटांच्या घराण्यात मात्र हा मार्ग मध्येच खुंटतो. नट आज एका गावी, तर उद्या दुसऱ्या गावी. एका मुलाचा जन्म येथे, तर दुसऱ्याचा तेथे. अशा वेळी नाटकाची जुनी हस्तपत्रके उपयोगी पडतात. कोणत्या तारखेला, कोणत्या नाट्यगृहात, कोणी कोणती भूमिका केली, हे त्यांवर छापलेले असते आणि त्यावरून कुटुंबाचा मुक्काम कळतो. एडिंबरोच्या थिएटर रॉयलची अशी पत्रके स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेली आहेत. योगायोग असा, की १७६९ साली उघडलेले हे नाट्यगृह स्कॉटलंडच्या दप्तरखान्याच्या, म्हणजे रजिस्टर हाउसच्या, अगदी समोर उभे होते. १८५९ साली ते पाडण्यात आले व त्या जागी टपाल कचेरीची इमारत उठली.

आपण या घराण्याचा शोध सारा एलिझाबेथ सिडन्स मेअर यांच्यापासून सुरू करू. वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, १८६५ साली, या बाईंनी एडिंबरोत स्त्रियांचे एक निबंध-मंडळ स्थापन केले. तेच पुढे स्त्रियांची वादसभा म्हणून प्रसिद्धीस आले. १८८८ साली निघालेल्या सेंट जॉर्ज कन्याशाळेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. स्त्रियांना विद्यापीठाची दारे उघडावीत व मताधिकार मिळावा, यासाठी त्या आयुष्यभर झटल्या. १९३१ साली त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला आणि १९४१ साली त्या निवर्तल्या.

मेअर हे त्यांच्या वडिलांचे आडनाव. मधले ‘सिडन्स’ आपल्याला त्यांच्या आईकडे, एलिझाबेथ सिडन्स यांच्याकडे नेते. एलिझाबेथ यांचे आईवडील हॅरिएट आणि हेन्री सिडन्स हे दोघेही नट. हेन्री हे इंग्लंडच्या विख्यात नटी सारा सिडन्स यांचे ज्येष्ठ पुत्र. लेडी मॅकबेथच्या भूमिकेसाठी सारा सिडन्स यांचे नाव आजही घेतले जाते. पणतीला पणजीचे नाव मिळाले, ते असे.

येथपर्यंतची वाट सरळ व अभिमानास्पद आहे. पुष्कळ जण याच ठिकाणी थांबतील. परंतु हॅरिएट यांचे माहेरचे आडनाव मरे होते आणि खरी कथा त्या बाजूस आहे.

१८०९ साली हेन्री व हॅरिएट यांनी एडिंबरोचे थिएटर रॉयल चालविण्यास घेतले. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट त्याचे एक भागीदार व विश्वस्त झाले. १८१५ साली हेन्री वारले. मागे विधवा पत्नी, लहान मुले आणि कर्ज. अशा वेळी हॅरिएट यांचे धाकटे बंधू विल्यम हेन्री मरे पाठीशी उभे राहिले व बहीणभावांनी नाट्यगृह चालू ठेवले. तरीही दिवस कठीणच होते. त्या संकटातून त्यांना स्कॉट यांच्याच एका कादंबरीने तारले. ‘रॉब रॉय’चे नाट्यरूप १८१९ च्या फेब्रुवारीत रंगभूमीवर आले आणि त्याचे लागोपाठ एकेचाळीस प्रयोग झाले. चार्ल्स मकाय यांनी त्यात रंगविलेला ग्लासगोचा व्यापारी पाहण्यास सारे शहर लोटले. १८३० साली हॅरिएट निवृत्त झाल्या. विल्यम यांनी १८५१ पर्यंत तो संसार सांभाळला.

या भावंडांचे वडील चार्ल्स मरे हेही नटच. १८२१ साली एडिंबरो येथे त्यांचा अंत झाला. मूळ शिक्षण वैद्यकाचे. पण मन रंगभूमीकडे ओढले गेले. १७७७ साली यॉर्क येथे ते प्रथम रंगमंचावर आले, तेव्हा पत्रकावर त्यांचे नाव होते ‘रेमर’. या नावाच्या मागे लागणारा संशोधक चर्चच्या वह्या चाळून थकेल, कारण असे घराणेच नाही. ‘मरे’ या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन तुकड्यांत तोडून ते तुकडे उलटे जोडले, की ‘रेमर’ तयार होते! पुढे त्यांनी आपले खरे आडनाव पुन्हा धारण केले. नट होणे हे कुलीनांना त्या काळी कमीपणाचे वाटे, हे खरेच. परंतु मरे या नावाला आणखी एक डाग होता.

चार्ल्स यांचे वडील जॉन मरे हे ब्रॉटन येथील जमीनदार. १७४५ साली राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट याने आपल्या घराण्याचे गेलेले राज्य परत मिळविण्यासाठी स्कॉटलंडमध्ये उठाव केला, तेव्हा जॉन मरे हे त्याचे चिटणीस होते. १७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या रणांगणावर तो उठाव चिरडला गेला व मरे पकडले गेले. प्राण वाचविण्यासाठी ते माफीचे साक्षीदार झाले. त्यांनी ज्यांच्याविरुद्ध साक्ष दिली त्या वृद्ध लॉर्ड लव्हट यांचा १७४७ साली शिरच्छेद झाला. मरे सुटले, परंतु स्वपक्षीयांनी त्यांना कधीच क्षमा केली नाही.

त्या तिरस्काराची एक आठवण स्कॉट यांचे जावई लॉकहार्ट यांनी आपल्या श्वशुरांच्या चरित्रात नमूद केली आहे. स्कॉट यांचे वडील वकील होते. एक अनोळखी अशील रात्री मेण्यातून त्यांच्याकडे गुपचूप येई. न राहवून एकदा स्कॉट यांच्या मातोश्रींनी चहा पुढे केला व पाहुण्याने तो घेतला. पाहुणा जाताच वकीलसाहेबांनी तो पेला खिडकीतून बाहेर भिरकावून दिला. ज्या पेल्याला जॉन मरे यांचे ओठ लागले, त्याला आपल्या घरच्यांचे ओठ लागू नयेत, असे त्यांचे म्हणणे. काम त्यांनी केले. पण पेला ठेवला नाही. बशी तेवढी उरली, ती लहानग्या वॉल्टरने जपून ठेवली.

ज्या घरातून तो पेला फेकला गेला, त्याच घरचा मुलगा पुढे जॉन मरे यांच्या नातवंडांचा आधार झाला. इतकेच नव्हे, १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा स्वागतसोहळ्याच्या नेपथ्यरचनेसाठी स्कॉट यांनी विल्यम मरे यांचेच साहाय्य घेतले. ज्या राजघराण्याला पदच्युत करण्यासाठी आजोबांनी चिटणिशी केली, त्याच घराण्यातील राजाने नातवाच्या नाट्यगृहात बसून ‘रॉब रॉय’चा प्रयोग पाहिला.

जॉन, चार्ल्स, हॅरिएट, एलिझाबेथ, सारा: अशा या पाच पिढ्या. पहिल्या पिढीने नाव गमावले. दुसरीने ते काही काळ उलटे करून वापरले. तिसरीने ते सरळ लिहून त्याच शहरात कष्टाने उजळ केले. आणि पाचवीने विद्येच्या क्षेत्रात कीर्ती मिळविली. यातील पहिले नाव खोडले, तर उरलेल्यांच्या श्रमाचे मोल कळणार नाही. वंशावळ ही घराण्याची प्रशस्ती नव्हे. ती साक्ष आहे. आपल्या मुलाबाळांसाठी कुलवृत्तान्त लिहू इच्छिणाऱ्याने वडिलधाऱ्यांना विचारावे, जुने कागद पाहावेत, आजीपणजीची माहेरची नावे आठवणीने टिपून ठेवावीत आणि जे सापडेल ते प्रामाणिकपणे लिहावे. पेला फुटला तरी बशी जपून ठेवावी, यातच शहाणपण आहे.