वाणिज्य पदवीधरांनी बी.एड्. निवडताना



घरातील मुलगा किंवा मुलगी बी.कॉम. झाली की आपल्याकडे दोनच वाटा सांगितल्या जातात : बँकेची परीक्षा किंवा हिशेबनीसाची नोकरी. शिक्षकी पेशाची तिसरी वाट सहसा कोणी सुचवीत नाही. वास्तविक ती आपल्याला परकी नाही. परमपूज्य बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते.

मात्र या वाटेवर माहितीअभावी ठेच लागते. आमच्या वस्तीतील एका हुशार मुलाने बी.कॉम. होताच बी.एड्. केले. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून फी भरली. पदवी हाती आल्यावर कळले की, अकरावी-बारावीला शिकवण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, आणि दहावीपर्यंतच्या शाळेत वाणिज्य हा स्वतंत्र विषयच नाही. त्याला पुन्हा दोन वर्षे एम.कॉम.साठी द्यावी लागली. म्हणून पुढील गोष्टी आधीच पाहाव्यात.

पहिली गोष्ट, कोणत्या वर्गांना शिकवायचे ते ठरवावे. कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन हे विषय शिकवायचे असतील तर किमान ५० टक्के गुणांसह एम.कॉम. आणि बी.एड्. अशा दोन्ही पदव्या हव्यात. वरिष्ठ महाविद्यालयात जायचे असेल तर बी.एड्. लागत नाही; तेथे एम.कॉम.नंतर नेट किंवा सेट परीक्षा द्यावी.

दुसरी गोष्ट, अध्यापन पद्धतीची. बी.एड्.ला शालेय विषयाची अध्यापन पद्धती निवडावी लागते. वाणिज्य पद्धती सर्वच महाविद्यालयांत शिकवली जात नाही. प्रवेश फेरीत पसंतीक्रम भरण्यापूर्वीच चौकशी करावी.

तिसरी गोष्ट, मान्यता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता व विद्यापीठाची संलग्नता, दोन्ही तपासावीत. २०१५ पासून बी.एड्. दोन वर्षांचे झाले. त्यात एकूण २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काम करावे लागते. वर्गातील उपस्थिती ८० टक्के व शाळेतील ९० टक्के आवश्यक असते. "फक्त परीक्षेला या" असे सांगणाऱ्या संस्थेच्या पायरीवरूनच परत फिरावे. पदव्युत्तर पदवीधरांसाठी एक वर्षाच्या बी.एड्.चा मसुदा परिषदेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. तशी जाहिरात दिसल्यास त्या संस्थेला त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे काय, हे कागदावर पाहावे.

चौथी गोष्ट, पैशाची. महाराष्ट्रात प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा असते. पदवीला खुल्या प्रवर्गास ५०, तर राखीव प्रवर्गास ४५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास फ्रीशिपची चौकशी करावी. हे लाभ हवे असतील तर प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्यावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश पुढे महागात पडतो. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज पदवीच्या शेवटच्या वर्षीच करून ठेवावा.

शेवटची गोष्ट, बी.एड्. म्हणजे नोकरीची हमी नव्हे. अनुदानित शाळांतील भरती पवित्र पोर्टलमार्फत होते व त्यासाठी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटीही उत्तीर्ण व्हावे लागते.

मी कला शाखेचा पदवीधर. बँकेत कारकून आहे. मुलांच्या फीसाठी मुदत ठेव मोडायला आलेल्या आया मी खिडकीतून रोज पाहतो. पावतीवर सही करताना त्यांचा हात थरथरतो. तो पैसा चुकीच्या प्रवेशात जाऊ नये, यासाठी फॉर्म भरण्यापूर्वी आठ दिवस चौकशीत घालवावेत. त्या आठ दिवसांनी पुढची दोन वर्षे वाचतील.