हिरवा पडदा आणि ‘नंतर बघू’

या मालिकेत एरवी मी नकाशे, इंजिनं, हवामान अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय ऐकून माझे जुने सहकारी हसतील. आज हिरव्या पडद्यावर गाण्याचा व्हिडिओ कसा करायचा ते सांगणार आहे. त्यात माझी एक चूकही सांगणार आहे, कारण या कामातलं जे खरं शिक्षण झालं ते त्या चुकीतूनच.

बडोद्यात आमच्या सोसायटीतल्या चार कॉलेजच्या मुलांनी गेल्या पावसाळ्यात एक मराठी गाणं बसवलं. शब्द त्यांचे, चालही त्यांची. विषय होता सह्याद्रीतला पाऊस. चौघांपैकी तिघांनी पावसाळ्यातला घाट डोळ्यांनी पाहिलेला नाही. घराणी कित्येक पिढ्या बडोद्यातच. तिकडे जाऊन शूटिंग करायचं तर पैसे नाहीत. एकीच्या पुण्याच्या मामेभावाने ताम्हिणी घाटाचे शॉट मोबाइलवर घेऊन पाठवले आणि ठरलं, की आपण इथेच हिरव्या पडद्यासमोर गायचं आणि मागे घाट लावायचा. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तो व्हिडिओ दाखवायचा होता. हॉल आणि दिवे मिळवून देण्याचं काम कर्नलकाकांकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

हॉल दुपारी दोनपर्यंतच होता. शूटिंग सुरू करताना एडिटिंग करणारा मुलगा म्हणाला, “काका, पडद्याला घड्या पडल्यात.” मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, “चल, ते एडिटमध्ये बघू नंतर.” आमचं शूटिंग दोनच्या आत संपलं. मी खूश होतो.

तीन आठवड्यांनी भाजीच्या गाडीपाशी त्याच्या आईने मला थांबवलं. “कर्नलसाहेब, ते हिरवं हिरवं काय असतं हो? पोरगं रात्र रात्र झोपत नाही. कॉलेजचं एक सबमिशनही चुकलं त्याचं.”

मी त्याच्या खोलीवर गेलो. तो एकेक फ्रेम उघडून माणसाच्या कडा हाताने कापत बसला होता. विचारलं, “एका फ्रेमला किती वेळ लागतो?” म्हणाला, “दोन मिनिटं. मोकळे केस असले तर पाच.” गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांचं, म्हणजे २२० सेकंद. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेमवर होता, म्हणजे ६,६०० फ्रेम. त्यातल्या निम्म्या बिघडलेल्या धरा, ३,३००. दोन मिनिटांच्या हिशेबाने ११० तास! मी घड्या काढायची वीस मिनिटं वाचवली होती आणि त्याची किंमत तो पोरगा देत होता.

कॉम्प्युटर नेमकं काय करतो?

आधी तत्त्व समजून घेऊ. ते कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येक ० ते २५५. सॉफ्टवेअर ढोबळमानाने एक वजाबाकी करतं. हिरव्याच्या आकड्यातून लाल आणि निळा यांपैकी जो मोठा असेल तो वजा करायचा. उरलेली बाकी मोठी असेल तर तो ठिपका पडदा समजून पारदर्शक करायचा. बाकी शून्य किंवा त्याखाली असेल तर तो माणूस, त्याला हात लावायचा नाही.

उदाहरण घेऊ. नीट उजेडातला पडदा समजा ६०, १८०, ७०. बाकी ११०, म्हणजे पडदा गेला. आपली त्वचा समजा १९०, १४०, ११५. हिरव्यापेक्षा लालच जास्त, म्हणून ती राहिली. त्वचा गोरी असो, सावळी असो, तिच्यात लालच वरचढ असतो. म्हणून हिरवा रंग माणसापासून सहज वेगळा काढता येतो. आता घडीतला काळोखा पडदा पाहा: २०, ५५, २५. बाकी फक्त ३०. हा पडदा की माणूस? सॉफ्टवेअर अडखळतं आणि तिथे मळकट डाग राहतो. तो डाग घालवायला चाळण मोठी केली, तर गाणारीचे केसही त्यातून गळून जातात. त्या मुलाच्या ११० तासांचं मूळ इथे आहे.

हिरवाच रंग का, याचं दुसरं कारण कॅमेऱ्यात आहे. बहुतेक सेन्सरवर चार-चार ठिपक्यांचे गट असतात, त्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावाची ही मांडणी, तिचं पेटंट १९७६ चं. हिरव्याची माहिती दुप्पट मिळत असल्यामुळे त्याच्या कडा जास्त स्वच्छ येतात. फिल्मच्या जमान्यात मात्र निळ्या पडद्याचा जोर होता. ‘द थीफ ऑफ बगदाद’ला १९४० सालासाठी स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, त्यात लॅरी बटलर यांचं निळ्या पडद्याचं काम होतं. पुढे १९५९ च्या ‘बेन-हर’साठी पेट्रो व्लाहोस यांनी रंगांच्या फरकावर चालणारी पद्धत बसवली. आपली मघाची वजाबाकी त्याच घराण्यातली.

फौजेतला धडा, उलटा करून

फौजेत रंगरुटाला आणि एनसीसीत कॅडेटला एक धडा शिकवतात: वस्तू का दिसते? आकार, सावली, चमक, पृष्ठभाग, मागचा देखावा, अंतर आणि हालचाल यांमुळे. लपायचं असेल तर या सगळ्यांचा बंदोबस्त करा. हिरव्या पडद्याचं काम म्हणजे हाच धडा उलटा. इथे पडद्याने पूर्ण लपायचं आणि माणसाने पूर्ण दिसायचं. दुसऱ्या शूटिंगला मी हीच यादी कागदावर लिहून भिंतीला चिकटवली.

पृष्ठभाग. कापड साधं सुती, बिनचमकीचं घ्या. सॅटिन नको. इस्त्री करा आणि चारही बाजूंनी ताणून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पक्कं करा. आमच्या वीस मिनिटांचं हे काम.

सावली. पडद्याचे दिवे वेगळे आणि माणसांचे वेगळे. पडद्यावर दोन्ही बाजूंनी दोन सारखे दिवे, साधारण ४५ अंशांत. प्रकाश भरपूर नको, सारखा हवा. तपासायला मोबाइलवर पडद्याचा फोटो काढा आणि त्याचा कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा. डोळ्यांना न दिसलेले काळे-पांढरे पट्टे लगेच दिसतील.

अंतर. माणूस पडद्यापासून निदान सहा-आठ फूट पुढे उभा करा. जवळ उभा केला तर त्याची सावली पडद्यावर पडते आणि पडद्याची हिरवी झाक त्याच्या खांद्यांवर, केसांवर येते. मग वजाबाकीत माणसाची कडाही खाल्ली जाते.

चमक. चष्मा, दागिने, ताशाचं चकचकीत भांडं, सगळ्यांत पडद्याचं प्रतिबिंब पडतं आणि त्यात भोकं पडतात. ताशा थोडा तिरपा धरला की काम भागतं. रंगही इथेच पाहायचे. आमच्या गाणाऱ्या मुलीने पहिल्या वेळी हौसेने हिरव्या बांगड्या घातल्या होत्या. मनगट गायब! पंजा एकीकडे, कोपर एकीकडे आणि मधून ताम्हिणीचा धबधबा. मग मुलांनी माझा जुना ओजी शर्ट पडद्यासमोर धरून पाहिला. त्यांना वाटलं, हाही जाणार. पण तो राहिला. कारण ऑलिव्ह ग्रीनमध्ये लाल जवळजवळ हिरव्याइतकाच असतो, बाकी फारशी उरत नाही. बांगडीचा पोपटी हिरवा मात्र पडद्याचा सख्खा भाऊ.

हालचाल. भरभर हलणारा हात पुसट दिसतो आणि त्या पुसटपणात हिरवा मिसळतो. शटर थोडं वेगवान ठेवलं की हे कमी होतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं की चित्रात सरकणारे पट्टे येऊ शकतात. आम्हाला आले होते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर माणूस हलला की मोबाइल आपल्या मनाने उजेड बदलतो आणि पडद्याचे आकडे फिरतात.

आकार, म्हणजे माणसाची कडा. मोबाइल सहसा उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतो, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांमागे एकच. १९२० बाय १०८० च्या चित्रात रंग खरा ९६० बाय ५४० एवढाच. म्हणून कडा करवतीसारख्या दिसतात. उपाय फुकटचा आहे. शूटिंग ४के मध्ये करा, पडदा त्यातच काढा आणि तयार व्हिडिओ १०८० मध्ये द्या. मोकळे केस त्रास देतात. आमच्या मुलीने दुसऱ्या वेळी घट्ट वेणी घातली.

मागचा देखावा. इथे बहुतेकांचा व्हिडिओ फसतो आणि का फसला ते कळत नाही. ताम्हिणीचे शॉट ढगाळ हवेतले, म्हणजे उजेड मऊ, सावल्या जवळजवळ नाहीत. आम्ही मुलांवर लग्नाच्या व्हिडिओवाल्याचा एकच प्रखर हॅलोजन मारला होता. नाकाची सावली गालावर! कडा कितीही स्वच्छ कापा, डोळा म्हणतो, हा माणूस तिथला नाही. दुसऱ्या वेळी एलईडी दिवे थर्माकोलच्या पांढऱ्या शीटवर मारून परतलेला उजेड वापरला. मामेभावाला फोन करून विचारलं, कॅमेरा किती उंचीवर धरला होता? छातीएवढा. आम्हीही तेवढाच ठेवला, झूमही त्याच्याइतकाच.

गाण्याचं म्हणाल तर रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लावायचं आणि त्याबरोबर मोठ्याने गायचं. नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा हलत नाहीत आणि खोटं लगेच कळतं. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला एक टाळी वाजवा, जुळवायला सोपं जातं. सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आणि ब्लेंडर, दोन्हींत पडदा काढायची चांगली सोय आहे.

दुसरं शूटिंग

आता राहिलेली गोष्ट. गणेशोत्सवाला बारा दिवस उरले होते. मी त्या मुलाला म्हणालो, हे सगळं टाकून देऊ आणि रविवारी पुन्हा शूट करू. तो उसळला. “तीन आठवडे फुकट गेले म्हणायचे का, काका?” त्याचं बरोबर होतं. फौजेत एक गोष्ट मी बऱ्याच वर्षांत शिकलो होतो आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांत विसरलो होतो. निर्णय घेणारा एक आणि त्याची झळ सोसणारा दुसरा असेल, तर निर्णय घेणाऱ्याचा हिशेब नेहमी सोपा असतो. चौघांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर सांगितलं, “घड्या मी सोडायला सांगितल्या. चूक माझी आहे, याची नाही.” बाकीच्या तिघांना तोवर वाटत होतं, की हा उगाच वेळ काढतोय. तिघंही गप्प झाली. गाणाऱ्या मुलीने पहिल्यांदा विचारलं, “मग रविवारी किती वाजता?”

रविवारी हॉल सकाळी सहाला उघडला. साडेनऊपर्यंत कॅमेरा सुरूच केला नाही. फक्त पडदा, दिवे आणि भिंतीवरची यादी. प्रत्येक शॉट लॅपटॉपवर घालून तिथल्या तिथे पडदा काढून पाहिला, मगच पुढचा घेतला. आणि एक नवा नियम केला. ज्याला नंतर ते काम निस्तरायचं आहे, तो कोणत्याही क्षणी “थांबा” म्हणू शकतो आणि थांबायचंच, घड्याळ काहीही सांगो. त्या दिवशी तो चार वेळा “थांबा” म्हणाला. एकदा मलाच म्हणाला, कारण माझी सावली पडद्याच्या कोपऱ्यात पडली होती.

त्या शूटिंगचा पडदा काढायला त्याला दोन संध्याकाळी लागल्या. एका शॉटमध्ये वेणीच्या टोकाशी थोडी हिरवी झाक अजून आहे. ती आम्ही तशीच ठेवली आहे.

तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला असा की बेळगावला, मुलांना घेऊन असं काही करणार असाल तर पडदा आणि दिवे कुठेही मिळतील. फक्त एक करा. शूटिंगच्या दिवशी एडिट करणाऱ्याला कॅमेऱ्याशेजारी उभा करा आणि त्याला थांबवायचा अधिकार द्या. आणि “नंतर बघू” तोंडावर आलं, तर आधी विचारा, नंतर बघणार कोण?

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.