उकिडवं बसणारा पाय

मलकापूरच्या काळ्या वावरात आषाढात चालून बघा. चार पावलांत चपलेखाली गाऱ्याचा थर जमतो आणि पाचव्या पावलाला चप्पल चिखलात रुतून राहते, माणूस पुढे जातो. म्हणून पावसाळ्यात चपला हातात घेऊनच बांध ओलांडतात. घरी आलं की त्या उंबरठ्याबाहेर ठेवायच्या, जेवायला मांडी घालायची, सकाळी परसाकडे उकिडवं बसायचं. हे सगळं आपण इतक्या सवयीने करतो की घोट्याचं काही कौतुक वाटत नाही.

अपघातात किंवा मधुमेहाच्या चिघळलेल्या जखमेमुळे पाय गेला, की या घोट्याची किंमत कळते. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार झालेलं कृत्रिम पाऊल जगभर गाजलं. दिसायला साधं, टिकाऊ. आत लाकडाचा ताठ गाभा, टाचेला मऊ रबर. ते बुटात घालण्यासाठीच घडवलेलं होतं. टाचेची उंचीही बुटाच्या हिशेबाने धरलेली. बूट काढला की टाच खाली जाते आणि माणूस मागे कलतो! म्हणजे देवघरातही बूट. मांडी नाही, उकिडवं बसणं नाही, चिखल तर नाहीच.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांना दिसत होतं की रुग्ण असे पाय घेऊन गावी जातात, काही दिवसांनी ते बाजूला ठेवतात आणि पुन्हा कुबडी धरतात. ‘लोकांना सवय नाही, शिस्त नाही’ असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. सेठींनी नापास केलं ते पायाला, रुग्णाला नाही. मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. पाय टाकून देणारी माणसं तक्रार लिहून देत नव्हती, पण त्यांचं म्हणणं त्या टाकून दिलेल्या पायातच होतं.

सेठींना जोड मिळाली रामचंद्र शर्मा या कारागिराची. शिक्षण जेमतेम, हात सोन्याचे. ट्रकच्या टायरवर नवं रबर चढवणाऱ्या दुकानात जे चालतं, ते पायासाठी का चालणार नाही, असा त्यांचा विचार. 1968 च्या सुमारास त्यातून जे पाऊल तयार झालं, त्याला आज सगळे ‘जयपूर फूट’ म्हणतात.

हे पाऊल उभं कापून पाहिलं तर आत तीन ठोकळे दिसतात. टाच आणि चवडा स्पंजसारख्या रबराचे, घोट्याच्या जागी लाकूड. त्यावर टायरमधल्या दोऱ्याची आणि रबराची गुंडाळी, सर्वांत वर कातडीच्या रंगाचं रबर. हे सगळं साच्यात घालून तापवतात. उष्णतेत गंधक रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं, म्हणून ते दाबलं तरी परत मूळ आकारावर येतं. ताठ गाभा चवड्यापर्यंत नसल्यामुळे पाऊल वर वाकतं, आत-बाहेर कलतं, थोडं पिळतंही. ढेकळांवर चालताना नेमकं हेच लागतं. बोटंही घडवलेली असतात, त्यामुळे अनवाणी चालता येतं.

पावलाच्या वरची नळी आधी ॲल्युमिनियमची ठोकून करत. पुढे एचडीपीईचा पाइप आला. तुषार सिंचनासाठी आपण वावरात पसरतो, त्याच जातीचं प्लास्टिक! उरलेल्या पायाचा प्लास्टरचा ठसा घ्यायचा, भट्टीत मऊ झालेला पाइप त्यावर चढवायचा आणि आतली हवा खेचून घ्यायची. पाइप ठशाला घट्ट चिकटतो. 1975 मध्ये सुरू झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती असे पाय मोफत देते, बहुतेकदा त्याच दिवशी. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अपघातात पाय गमावलेल्या मुंबईच्या सुधा चंद्रन 1984 मध्ये हाच पाय लावून पुन्हा भरतनाट्यम करत्या झाल्या.

गुडघ्याखाली पाय कापला असेल तर वजन कापलेल्या टोकावर पडतं, असं कुणालाही वाटेल. तसं झालं तर माणूस कळवळेल. चांगल्या नळीत बराचसा भार वाटीखालच्या चिवट पट्ट्यावर, म्हणजे स्नायूबंधावर घेतला जातो; नडगीची धार आणि टोक मोकळं ठेवतात. पण पाय कापल्यानंतरच्या महिन्यांत उरलेला भाग आटत जातो. नळी ढिली होते, आधी एक मोजा, मग दोन, शेवटी नवं माप. शिबिरात पाय वाटतानाचा फोटो सगळे काढतात. हे दुसरं माप कधी आणि कुठे घेणार, हे सांगणारा फलक मात्र मी तरी पाहिलेला नाही. खरं पुनर्वसन त्या दुसऱ्या मापापासून सुरू होतं.

आता सगळ्यात अचंब्याची गोष्ट. पाय जातो, पण मेंदूतला त्याचा नकाशा जात नाही. नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते, नसलेल्या पोटरीत गोळा येतो. माणूस घरच्यांना सांगायला बिचकतो, वेडा ठरवतील म्हणून. अमेरिकन वैद्य सायलस वेअर मिचेल यांनी एकोणिसाव्या शतकातच यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांकडून हे ऐकून लिहून ठेवलं होतं. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात साधा आरसा वापरला: शाबूत हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसलं, की काहींची आवळलेली ‘मूठ’ सुटत असे. पायासाठीही हा उपाय करतात.

आणि हा भुताटकीचा पाय नुसता त्रासच देतो असं नाही. अनेकांना तो कृत्रिम पायात जाऊन बसल्यासारखा वाटतो आणि मग चालणं जमतं. मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी नोंदवलेला एक रुग्ण रोज सकाळी उरलेल्या मांडीवर पाच-सहा सणसणीत चापट्या मारायचा. त्याशिवाय त्याचा अदृश्य पाय जागा होत नसे, आणि तो जागा झाल्याशिवाय त्याला कृत्रिम पाय लावून चालता येत नसे.