ख्रिस्ती जीवनातील पश्चात्ताप : खेद व मनःपरिवर्तन
नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत पश्चात्तापासाठी प्रामुख्याने ‘मेटानोइया’ म्हणजेच मनःपरिवर्तन हा शब्द येतो. यहूदाच्या बाबतीत मात्र मत्तय खेद या अर्थाचे ‘मेटामेलोमाई’ हे निराळे क्रियापद योजतो. येशूला धरून देणाऱ्या यहूदाने चांदीची ३० नाणी परत केली. तथापि निराशेपोटी त्याने आत्मघात केला. येशूला तीनदा नाकारणारा पेत्रही अतिशय रडला. परंतु तो शिष्यांमध्येच राहिला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात पुनरुत्थित येशू त्याला प्रीतीविषयी तीनदा विचारतो व प्रत्येक वेळी मेंढरे राखण्याची जबाबदारी सोपवितो. सारांश, चूक मान्य करणे, क्षमा स्वीकारणे आणि सोपविलेल्या कार्याकडे वळणे यांतून पश्चात्ताप पूर्णत्वास जातो. अपराधभावातच अडकल्यास तो खेदापाशी थांबतो.