फाइल अडली कुठे?

कापडाच्या धंद्यात नक्षीचे नमुने आता संगणकाच्या फाइलीतून जातात. मागच्या हंगामात आम्ही घरून एका छपाई कारखान्याला नमुने पाठवीत होतो. नाव, पासवर्ड बिनतक्रार स्वीकारले जाई, पण फाइल जागची हलेना. दोन दिवसांत सौदा हातचा गेला. दोष आम्ही कारखान्याला दिला. तो निघाला आमच्याच फायरवॉलचा.

फाइल पाठविण्याची ‘एफटीपी’ ही पद्धत जुनी. तिचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी १९७१ साली लिहिला. तिला दोन जोडण्या लागतात. बोलणी २१ क्रमांकाच्या पोर्टवर होतात, माल दुसऱ्या जोडणीने जातो. ‘अ‍ॅक्टिव्ह’ प्रकारात ही दुसरी जोडणी समोरचा सर्व्हर आपल्याकडे करतो. फायरवॉल त्याला परका समजून दारातूनच परत पाठविते. आमचे नेमके हेच झाले.

उपाय दोन. ‘पॅसिव्ह’ प्रकार निवडावा. त्यात दोन्ही जोडण्या आपल्याच बाजूने निघतात. ते जमत नसेल तर फायरवॉलवर एफटीपी प्रॉक्सी बसवावी. ही प्रॉक्सी म्हणजे भरवशाचा दलाल. ती बोलणी ऐकते, घरातल्या पत्त्याऐवजी बाहेरचा पत्ता देते, ठरलेले पोर्ट तेवढ्यापुरते उघडते आणि काम संपताच बंद करते. वैतागून सगळीच पोर्ट उघडी टाकणे म्हणजे दुकानाचे शटर रात्रभर वर ठेवणे!

व्यापारी बांधवांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. समोरच्याकडे सोय असल्यास ‘एसएफटीपी’ मागावी. तिला एकच जोडणी, बहुधा २२ क्रमांकाच्या पोर्टवर, पुरते. मग दलालाचीही गरज नाही.