वेंधळ्यांचे तारणहार

चांगलं डिझाइन म्हणजे गुळगुळीत कडा, झकास रंग आणि चढी किंमत, असा आपला समज. पण घरीदारी ज्या वस्तू वर्षानुवर्षं बिनबोभाट कामं करतात, त्या जरा निरखून बघा. त्या घडवणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच हेरलेली दिसते: माणूस घाईत असणार, त्याचं लक्ष भलतीकडे असणार आणि तो हमखास घोळ घालणार! म्हणून त्या घोळाची तजवीज वस्तूतच करून ठेवलेली असते. अशाच काही नामी तजविजी.

१. झाकण आत, जीव भांड्यात

हॉकिन्सचा कुकर पहिल्यांदा लावणारा झाकणाशी झटापट करतोच. तिरकं धरा, आत सरकवा, फिरवा, वर ओढा, मग दांड्याला अडकवा. एवढा खटाटोप कशाला? तर हे झाकण आतल्या बाजूने बसतं. शिट्टी व्हायच्या बेतात असताना कुकरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोचा दाब असतो. झाकण २०० चौरस सेंटिमीटरचं धरलं, तर एकूण जोर झाला २०० किलोंचा! हा सगळा जोर झाकणाला खालून वर रेटतो, म्हणजे आणखी घट्ट बसवतो. वाफ कोंडलेली असताना भीमाने ओढलं तरी ते निघायचं नाही. पोटात कावळे ओरडत असले तरी कुकर आपल्या वेळेनेच उघडणार. आणि डाळीचं साल अडकून शिट्टीची वाट बंद झाली तर? सेफ्टी व्हॉल्व्हमधला कमी तापमानाला वितळणारा धातू वितळतो आणि वाफेला दुसरी वाट मोकळी होते.

२. टोपणाला भोक कशाला?

फ्रान्समध्ये १९५० साली आलेलं बिक क्रिस्टल हे बॉलपेन आज न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयात मानाने विराजमान आहे. ते षट्कोनी आहे, म्हणून टेबलावरून घरंगळत नाही. पारदर्शक आहे, म्हणून शाई ऐन परीक्षेत दगा देत नाही. पेनाच्या अंगावरचं बारीक भोक आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा ठेवतं. पण खरी गंमत टोपणाच्या टोकाला आहे. तिथलं भोक १९९१ मध्ये आलं. कुणी पोराने टोपण चघळता चघळता गिळलं आणि ते श्वासनलिकेत अडकलं, तर निदान हवा आत-बाहेर व्हायला वाट राहावी, यासाठी! ‘पेन तोंडात घालू नकोस’ हे वाक्य जगातलं एकही पोर ऐकत नाही, हे कंपनीने मान्य करून टाकलं.

३. पंपावरची फजिती

गाडीच्या इंधनकाट्याशेजारी एक इवलासा त्रिकोण असतो. तो ज्या दिशेला, त्या बाजूला पेट्रोलच्या टाकीचं झाकण. ही कल्पना फोर्डमधल्या जिम मोयलन यांची. १९८६ मध्ये ते कंपनीची गाडी घेऊन पंपावर गेले, चुकीच्या बाजूने उभी केली आणि पावसात भिजले. परत येऊन त्यांनी साहेबांना सूचना लिहून दिली. काही वर्षांत हा त्रिकोणी बाण फोर्डच्या गाड्यांत आला आणि मग साऱ्यांनीच उचलला.

४. वरच्या पिनेचा मान

इस्त्रीचा किंवा फ्रीजचा तीन पिनांचा प्लग हातात घ्या. वरची पिन बाकी दोघींपेक्षा लांबही असते आणि जाडही. ही अर्थिंगची पिन. लांब असल्यामुळे प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. म्हणजे वीज खेळती असते तोवर पहारा चालूच. जाड असल्यामुळे ती करंट असलेल्या भोकात शिरतच नाही. अंधारात चाचपडत प्लग लावणाऱ्याला चूक करायची मुभाच नाही!

५. नाकाला वर्दी

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात जवळपास वासच नसतो. नाक मुरडायला लावणारा तो दर्प इथाइल मर्कॅप्टन या रसायनाचा, मुद्दाम मिसळलेला. गॅस पेट घेण्याइतका साठण्याच्या खूप आधीच नाकाला कळतं. बटण बंद करायला विसरणारा माणूसही श्वास घ्यायला विसरत नाही ना!

६. न ओघळणारी बाटली

चहा ओतल्यावर किटलीच्या चोचीखालून ओघळ येतो आणि टेबलक्लॉथवर डाग पडतो, हे दुःख सार्वत्रिक आहे. जपानमध्ये तेच दुःख सोया सॉसचं होतं. सॉस यायचा १.८ लिटरच्या धिप्पाड बाटलीत. तिच्यातून छोट्या भांड्यात ओतताना आपल्या आईची होणारी तारांबळ डिझायनर केन्जी एकुआन यांनी पाहिलेली होती. किक्कोमान कंपनीसाठी छोटी बाटली घडवायला त्यांनी ३ वर्षं घेतली आणि सुमारे १०० नमुने करून पाहिले. उत्तर सापडलं चोचीच्या कापात. टोक वरून खाली नव्हे, तर खालच्या बाजूने आत कापलं, की शेवटचा थेंब बाहेर ओघळण्याऐवजी मागे फिरतो. झाकणाला दोन चोची असतात. एकीतून सॉस बाहेर, दुसरीतून हवा आत, म्हणून धार ‘गुडगुड’ करत नाही. १९६१ पासून ही लाल टोपीची बाटली जशीच्या तशी आहे. याच एकुआन यांनी पुढे बुलेट ट्रेनच्या डिझाइनवरही काम केलं.

७. दुखऱ्या बोटांचा पीलर

अमेरिकेतल्या सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवात होता आणि पत्र्याची बारीक मूठ धरून साल काढताना बोटं दुखायची. फार्बर यांनी जाड, मऊ रबरी मुठीचा पीलर करवून घेतला. बोटं टेकतात तिथे मुठीला लवचीक खाचा, त्यामुळे ओल्या हातातूनही तो निसटत नाही. १९९० मध्ये त्यांच्या ऑक्सो कंपनीने तो बाजारात आणला, आणि बोटं धडधाकट असलेल्यांनीही उचलून धरला. अडचणीतल्या माणसासाठी केलेली सोय इतरांनाही मानवली.

८. एक बटण, एक मत

मतदान यंत्राच्या रूपामागे पवईच्या आयआयटीतले ए. जी. राव आणि रवी पूवय्या हे डिझाइनचे प्राध्यापक होते. वाचता येत नसलं तरी चिन्ह दिसतं, चिन्हासमोर बटण, दाबलं की दिवा आणि लांबलचक ‘पीऽऽप’. मग यंत्र गप्प. मतदान अधिकाऱ्याने पुन्हा चालू करेपर्यंत कितीही बटणं दाबा, मोजलं जाणार एकच मत.

९. बोटांनी वाचायची नोट

१००, २०० आणि ५०० च्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी मात्र १४२, १४६ आणि १५०. शिवाय कडेला उठावाच्या तिरप्या रेघा: शंभरला ४, पाचशेला ५. दृष्टिहीनांना नोट ओळखता यावी म्हणून हा घाट. हेतू छान, पण ४ मिलिमीटरचा फरक बोटांना कळणं कठीण आणि हाताळून नोट लुळी पडली की उठावही झिजतो. अखेर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेला नोट ओळखून सांगणारं ‘मणी’ हे ॲप काढावं लागलं.

१०. आणि हा नापास विद्यार्थी

शेगडीचे चार बर्नर चौकोनात, बटणं मात्र एका ओळीत. कुठलं बटण कुणाचं? दूध ठेवलं मागे, पेटला पुढचा! अमेरिकी संशोधक डॉन नॉर्मन यांनी १९८८ मध्ये रोजच्या वस्तूंवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात शेगडीच्या बटणांची आणि ढकलायचं की ओढायचं हे न कळणाऱ्या दारांची यथेच्छ हजेरी घेतली. बटणंही चौकोनातच मांडली, तर बाजूला चित्रं काढावी लागणार नाहीत. तेव्हा वस्तू घेताना दुकानात एक साधी परीक्षा घ्या: विक्रेत्याला गप्प बसवा आणि ती स्वतःच चालवून बघा. दोनदा चुकलात, तर खुशाल दुकानदाराला म्हणा, ‘दुसरी दाखवा.’