गंगावेशीतला फेसाळ पेला

मुलाबाळांना घेऊन गाडीने कोल्हापूरला जाणाऱ्यांचा बेत बहुधा ठरलेला असतो. अंबाबाईचं दर्शन, चपलांची खरेदी, तांबडा-पांढरा रस्सा आणि परत. शाहू महाराजांचा इतिहास सर्वांनी शाळेत वाचलाय, रंकाळा फोटोत तरी पाहिलाय. ते सगळं कराच; पण रात्रीचा मुक्काम करावा तो गंगावेशीतल्या दूधकट्ट्यासाठी.

दिवेलागण झाली की गवळी म्हशी घेऊन थेट रस्त्यावर येतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि कोमट, फेसाळ पेला तिथल्या तिथे हातात द्यायचा, एवढाच हा धंदा. दुधात पाणी घातल्याचा संशय घ्यायलाही वाव नाही. तालमींच्या या गावात धारोष्ण दुधाचं पहिलं गिऱ्हाईक पैलवान. गंगावेस तालीमही जवळच. आता मात्र पेल्याबरोबर फोटो काढणारे अधिक दिसले.

आम्ही ज्या वयस्कर गवळ्यापाशी थांबलो, ते धार काढताना म्हशीशी हळू आवाजात बोलत होते. त्याशिवाय ती पान्हा सोडत नाही म्हणे. ‘मामा, हिचं नाव काय?’ असं आमच्या मुलीने विचारताच त्यांनी म्हशीचं नाव तर सांगितलंच, वर तिच्या आईचं आणि आजीचंही सांगितलं. मग सूर बदलला. वैरण महाग, गावात गोठ्याला जागा नाही आणि घरातली पोरं शेणात हात घालायला तयार नाहीत. चारचाकींच्या गर्दीत म्हशी उभ्या करायच्या तरी कुठे, हा त्यांचा प्रश्न आमच्याच गाडीकडे बघून होता.

एक सूचना गंभीरपणे घ्या. हे दूध कच्चं असतं. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांनी ते तसंच पिऊ नये. डबा भरून न्यावा आणि मुक्कामी उकळून द्यावं. हौस भागते, पोटही सांभाळलं जातं.

सकाळी मिसळ. फडतरे, चोरगे, बावडा यांपैकी श्रेष्ठ कोण, या वादात पाहुण्याने पडू नये. इथे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड मिळतो. पोरांसाठी कट वेगळा मागून घ्यावा. दुपारी त्यांना पांढरा रस्सा-भात चालतो. तांबड्याच्या वाटेला त्यांना नेऊ नका. संध्याकाळची भेळ खासबागेपाशी, राजाभाऊंची. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह 2024च्या ऑगस्टमध्ये आगीत होरपळलं. ते दिसल्यावर पहिल्या घासाला चव लागत नाही, हेही खरं.

पुण्याहून अंतर सुमारे 230 किलोमीटर, पण रस्त्याची कामं आणि वळणरस्ते यांचा भरवसा नाही, म्हणून पहाटेच निघावं. देवळाभोवती मंगळवारी, शुक्रवारी आणि नवरात्रात गाडी नेण्याचा विचारही करू नये. 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर या किरणोत्सवाच्या दिवसांतही गर्दी असते, तेव्हा खोली आधीच ठरवावी.

गाडी लांब लावा आणि गंगावेशीत चालत जा. म्हशींना उभं राहायला तेवढीच जागा मिळेल.